१७८३ : हवेचं वर्ष

कागदवाला (मूळ लेख)

कागदाच्या घाऊक धंद्यात मी तीस वर्षं काढली. जलरंगवाले चित्रकार दुकानात येऊन ‘कॅन्सन आहे का?’ विचारायचे. माझ्या लेखी ते एका महागड्या विलायती कागदाचं नाव, बस. दुकान मुलाकडे सोपवलं, वाचायला सवड मिळाली आणि कळलं की तो कारखाना मुळात फ्रान्समधल्या आनोने गावच्या माँगोल्फिए घराण्याचा. पुढे घरातल्या जावयाचं नाव त्याला लागलं. ज्यांच्या फुग्यातून माणूस पहिल्यांदा आकाशात गेला ते लोक माझ्यासारखेच लगदा, खळ आणि रीम मोजणारे होते, हे वाचून मी त्या एका सालातच अडकलो. सन १७८३. आपल्याकडे शके १७०५, शोभन संवत्सर. सालबाईचा तह आदल्याच वर्षी झालेला.

त्या वर्षातला एकच महिना घ्या, जून. त्यात तीन तारखा आहेत आणि मला सगळं वर्ष त्या तिघींत दिसतं.

४ जून. आनोनेच्या चौकात प्रांताची सभा भरलेली. जोसेफ आणि एतिएन या माँगोल्फिए भावांनी तिच्यापुढे आपला फुगा सोडला. तरटासारखं जाड कापड, आतून पातळ कागदाचे थर, चार मोठे तुकडे आणि ते जोडायला सुमारे अठराशे बटणं. घनफळ ७९० घनमीटरच्या आसपास, वजन सव्वादोनशे किलो. कापड ताण सोसतं पण हवा धरत नाही. कागद हवा धरतो पण ताणाला फाटतो. दोघांना एकमेकांच्या पाठीशी उभं करायचं हे डोकं कागदाच्या माणसाचंच. फुगा दीड-दोन किलोमीटर उंच गेला आणि दहा मिनिटांनी दूरच्या शेतात उतरला. हे भाऊ खाली ओलं गवत आणि लोकर जाळायचे, कारण त्यांची समजूत अशी की जळताना धुरातून एक वेगळाच हलका वायू निघतो आणि तोच फुगा उचलतो. कारण चुकलेलं होतं, काम मात्र झालं. हवा नुसती तापली की पसरते आणि हलकी होते, एवढीच गोष्ट.

८ जून. अवघ्या चार दिवसांनी आइसलँडच्या दक्षिणेत लाकी डोंगराजवळ जमीन उकलली. सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग आणि तिच्यावर शंभराहून जास्त विवरं. लाव्हा आठ महिने वाहत होता, थेट १७८४ च्या ७ फेब्रुवारीपर्यंत. पण लाव्ह्यात सापडून मेलेले लोक जवळपास नाहीतच. मारलं ते हवेनं. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि त्याच्यासोबत निघालेला फ्लोरिन गवतावर बसला. जनावरांच्या हाडांवर गाठी आल्या, दात वेडेवाकडे झाले. देशातली निम्मी गुरं आणि पाऊणशे टक्क्यांहून जास्त मेंढ्या गेल्या. मागोमाग उपासमार आली आणि लोकसंख्येचा पाचवा हिस्सा तरी संपला. आइसलँडमध्ये त्या काळाचं नाव ‘धुक्याचे हाल’ अशा अर्थाचं आहे. योन स्टेनग्रिम्सन नावाच्या पाद्र्यानं हे सगळं डोळ्यांसमोर पाहून लिहून ठेवलं : गवताचा रंग, पावसाचा चटका, माणसांची सूज. तो शास्त्रज्ञ नव्हता, पण फ्लोरिनची विषबाधा काय करते हे समजून घ्यायला आजचे अभ्यासक त्याची नोंद उघडतात. त्या वर्षाच्या विज्ञानात मी त्या पाद्र्यालाही धरतो.

ते धुकं जूनच्या मध्यापासून युरोपभर पसरलं. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येई, आणि उगवता-मावळता तो रक्तासारखा लाल दिसे.

२४ जून. पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए आणि गणिती लाप्लास यांनी विज्ञान अकादमीच्या काही सभासदांसमोर दोन हवा एकत्र जाळल्या. एक ‘ज्वलनशील हवा’, म्हणजे आपला हायड्रोजन, दुसरी ऑक्सिजन. भांड्याच्या आत शुद्ध पाणी जमलं. आपल्या पंचमहाभूतांत आप आहे, ग्रीकांच्या चार तत्त्वांतही आहे. हजारो वर्षं मूळ म्हणून मानलेली वस्तू त्या दिवशी दोन वायूंची जोडणी ठरली.

म्हणजे हवा उचलते, हवा मारते, आणि हवेतून पाणी होतं. तिन्ही गोष्टी तीन आठवड्यांच्या आत. माणसाला हवेची ओळख पटली ती त्या महिन्यात, असं मी म्हणतो.

पुढचं थोडं भरभर सांगतो. आनोनेची बातमी पॅरिसला पोचली तेव्हा जाक शार्ल या भौतिकीच्या अभ्यासकानं गरम हवेऐवजी हायड्रोजन घ्यायचं ठरवलं. त्याच्यासाठी फुगा बांधणाऱ्या रोबेर बंधूंनी रेशमी कापडावर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या रबराचा हात दिला. जवळपास अर्धा टन लोखंडाच्या भंगारावर पाव टन गंधकाम्ल ओतून वायू काढला. ३५ घनमीटरचा फुगा भरायला काही दिवस लागले. २७ ऑगस्टला शाँ द मार्सच्या मैदानातून तो सुटला आणि पाऊण तासानं गोनेस नावाच्या खेड्यात पडला. गावकऱ्यांनी तो विळे-दाताळ्यांनी फाडला. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अडाण्यांची फजिती म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. दोन महिने सूर्य लाल, श्वासाला गंधकाचा वास, नऊच दिवस आधी ब्रिटनवरून गेलेल्या प्रचंड उल्केची चर्चा, आणि आता आभाळातून पडलेलं, फुसफुसणारं, वास मारणारं एक धूड. त्यांना आधी कुणी काही सांगितलं होतं का? सरकारनं ‘फुगे दिसतील, घाबरू नका’ असं जाहीर पत्रक काढलं ते या सुमारास.

१९ सप्टेंबरला व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि जिवंत खाली आले. आदल्या दिवशी, १८ सप्टेंबरला, सेंट पीटर्सबर्गमध्ये थोर गणिती ऑयलर वारला. आंधळा झालेला, शहात्तर वर्षांचा. त्याच्या पाटीवर फुग्याच्या चढण्याचं गणित मांडलेलं सापडलं. २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे दोरानं न बांधलेल्या, मोकळ्या फुग्यातून पॅरिसवरून गेले, पंचवीस मिनिटं. एका हातानं आगीत गवत घालायचं आणि दुसऱ्या हातातल्या ओल्या स्पंजानं कापडाला लागलेल्या ठिणग्या विझवायच्या. १ डिसेंबरला शार्ल आणि धाकटा रोबेर हायड्रोजनच्या फुग्यातून दोन तास उडाले. उतरल्यावर रोबेर बाहेर पडला, फुगा हलका झाला आणि एकटा शार्ल तीन किलोमीटर उंच गेला. खाली सूर्य मावळला होता. वर त्याला तो परत दिसला आणि परत मावळला. कान भयंकर दुखले. त्यानंतर तो कधी उडाला नाही. पण त्याचं जाळं, झडप, टोपली आणि वाळूच्या पिशव्या ही मांडणी आजही हायड्रोजनच्या फुग्याला लागते.

बाकी त्या वर्षात आणखी खूप आहे. सोस्यूरनं माणसाचा केस वापरून हवेचा दमटपणा मोजायचं साधन आणि त्यावरचा ग्रंथ दिला. स्पेनमध्ये एलुयार बंधूंनी वुल्फ्रॅम, म्हणजे टंगस्टन, वेगळा काढला. १५ जुलैला लिओँमध्ये जूफ्र्वाची वाफेची बोट सोन नदीत प्रवाहाविरुद्ध सुमारे पंधरा मिनिटं चालली. यॉर्कमध्ये गुडरिक नावाच्या मुलानं एका ताऱ्याच्या मंदावण्याचा काळ काढला. जॉन मिचेलनं, ज्यातून प्रकाशही सुटणार नाही असे तारे असू शकतात, असं लिहिलं.

कुणाला यात भर घालायची असेल तर जरूर घाला. चुकलं असेल तर सांगा.

उत्तररात्र

लेख वाचनखुणेत ठेवला. पण एक तक्रार आहे. गुडरिकला एका ओळीत आटपलंत!

जॉन गुडरिक तेव्हा अठरा वर्षांचा होता. लहानपणी आजारात ऐकू येणं गेलं. तो आणि त्याचा शेजारी एडवर्ड पिगॉट खिडकीतून तारे पाहायचे. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री त्याला अल्गोल नेहमीपेक्षा मंद दिसला आणि मग तो रोज त्यावर नजर ठेवू लागला. अल्गोल म्हणजे आपल्या ययाती तारकासमूहातला मायावती. मे १७८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत, म्हणजे तिथल्या विज्ञानसंस्थेत, त्याचं निवेदन वाचलं गेलं : मायावती २ दिवस आणि सुमारे पावणेएकवीस तासांनी ठरल्या वेळी मंद होतो. पुढे त्यानं हा आकडा २ दिवस, २० तास, ४९ मिनिटं असा पक्का केला. कारणही त्यानं सुचवलं. एखादं काळोखं शरीर त्याच्याभोवती फिरत असेल आणि ते आड येत असेल. त्या वर्षीचं सोसायटीचं कोप्ली पदक त्याला मिळालं. पुढे वृषपर्वा तारकासमूहातला एक रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा शोधला आणि १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, गेला. त्याचा आडोशाचा अंदाज वर्णपटावरून सिद्ध व्हायला १८८९ उजाडलं.

धागालेखकांचा मुद्दा हवेचा आहे हे समजलं. माझ्या मते तुमचा मुद्दा थोडा आखूड पडतो. हायड्रोजन दिसत नाही, मायावतीचा जोडीदार दिसत नाही, मिचेलचा काळा तारा तर दिसूच शकत नाही. तिघांनाही त्यांच्या परिणामावरून पकडलं. मिचेलचा हिशोब काय होता? सूर्याइतकीच घनता आणि व्यास सूर्याच्या पाचशे पट असेल, तर प्रकाश तिथून निघूनही माघारी खेचला जाईल. मग असा तारा शोधायचा कसा? त्यानं लिहिलं, त्याच्याभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याच्या हालचालीवरून. हे सगळं त्यानं रसायनशास्त्रज्ञ कॅव्हेंडिशला पत्रातून लिहिलं, आणि त्या कॅव्हेंडिशनंच ‘ज्वलनशील हवा’ १७६६ मध्ये वेगळी ओळखली होती. लंडनचं वर्तुळ किती छोटं होतं बघा.

अवांतर : सध्या ययाती रात्री आठला चांगला वर असतो. मायावतीचं पुढचं मंदावणं आमच्या गच्चीवरून पाहणार आहे. कळवतो.

भट्टीकाम

बॉयलरवर आयुष्य गेलं, म्हणून फुग्याचा हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही.

२० अंशांना हवा घनमीटरला १.२ किलो भरते. १२० अंशांना साधारण ०.९. म्हणजे घनमीटरमागे उचल ०.३ किलो. ७९० घनमीटरला जवळजवळ २४० किलो. फुग्याचं वजन सव्वादोनशे म्हणता, तर आतली हवा सरासरी ११५ ते १२० अंशांपर्यंत तापली असणार. कागद दोनशेच्या बऱ्याच पुढे पेटतो, म्हणून जमलं. पण आग जिथे जवळ तिथे सरासरीला अर्थ नाही. तो ओला स्पंज का लागला ते यात आहे.

हायड्रोजनला उचल घनमीटरमागे १.१ किलो. चौपट. म्हणून शार्लचा ३५ घनमीटरचा फुगा पुरला.

आता त्याच्या भट्टीचा हिशोब. पाव टन गंधकाम्लातून सगळं काही नीट झालं तर सुमारे ६० घनमीटर हायड्रोजन निघतो. भरला ३५. म्हणजे निम्म्याच्या जवळपास वायू सांध्यांतून गेला किंवा तयारच झाला नाही. नळ्या तापलेल्या, वाफेचं पाणी फुग्यात, आम्लाचे फवारे. मी त्या जागी उभा असतो तर पहिल्यांदा नळीवर थंड पाणी सोडलं असतं. 

कागदवाला

उत्तररात्र, तुमचं म्हणणं मान्य. ‘परिणामावरून पकडलं’ हे माझ्या वाक्यापेक्षा नेमकं आहे.

भट्टीकाम, फारच छान. तुमच्या हिशोबाला पुढचा धागा जोडतो. इतकं आम्ल जाळून हायड्रोजन मिळत होता, तो परवडणारा नव्हता. स्वस्तात कसा काढायचा हे पाहायचं काम लव्हाझिए आणि मॅन्ये यांच्याकडे आलं. १७८४ मध्ये त्यांनी लालभडक तापवलेल्या लोखंडी नळीतून पाण्याची वाफ सोडली. लोखंडानं ऑक्सिजन धरला, हायड्रोजन बाहेर आला. म्हणजे १७८३ मध्ये पाणी जोडलं, १७८४ मध्ये फोडलं, आणि फोडण्यामागे फुग्याची गरज होती. हीच पद्धत वापरून भरलेला लष्करी फुगा १७९४ च्या जूनमध्ये फ्लरूसच्या लढाईवर उभा होता. लव्हाझिएचा शिरच्छेद त्याच्या आदल्याच महिन्यात झालेला.

ओलं खडू

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पाणी नेमकं कुणी ओळखलं, यावर मुलं भांडतात, म्हणून थोडं लिहिते.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रिस्टलीनं ठिणगी टाकून दोन हवा जाळल्यावर काच दमट होते हे पाहिलं होतं. कॅव्हेंडिशनं तेच फार काळजीनं मोजून केलं, पण छापलं १७८४ मध्ये. जून १७८३ मध्ये ब्लॅग्डन नावाचा इंग्रज पॅरिसला गेला आणि त्यानं लव्हाझिएला कॅव्हेंडिशच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. २४ जूनच्या प्रयोगाला तो हजर होता. लव्हाझिएनं ते श्रेय मोकळेपणानं दिलं नाही, यावरून पुढे कित्येक वर्षं वाद झाला. त्यात जेम्स वॅटही होता, त्यानंही त्या वर्षी असंच काहीसं पत्रातून मांडलं होतं.

माझं मत असं आहे. कॅव्हेंडिशचं मोजमाप सरस होतं. पण तो फ्लॉजिस्टनच्या, म्हणजे जळताना वस्तूतून निघून जाणाऱ्या एका कल्पित द्रव्याच्या, भाषेत बोलत होता. त्याला वाटत होतं की पाणी त्या हवांमध्ये आधीपासूनच होतं आणि जळताना बाहेर पडलं. हे पाणी नवीन झालं, ते संयुग आहे, असं ठामपणे लव्हाझिए म्हणाला. एकानं अचूक पाहिलं, दुसऱ्यानं अचूक नाव दिलं. परीक्षेत एकच नाव लिहायचं असतं, याचं मला वाईट वाटतं.

वर्गात जस्ताचे तुकडे आणि विरल आम्ल घेऊन परीक्षानळीत हायड्रोजन करते. तोंडाशी जळती काडी नेली की ‘पॉप’ आवाज होतो. मुलं आवाजावर खूश होतात. मी त्यांना नळीच्या कडेला धरलेलं बाष्प बघायला लावते. पुढच्या वेळी त्या बाष्पासोबत २४ जून ही तारीखही सांगेन.

वेशीबाहेर

धागा उत्तम. एक शंका. १७८३-८४ मध्ये उत्तर हिंदुस्थानात ‘चालिसा’ दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० म्हणून चालिसा. दिल्ली, दोआब, पंजाब, राजपुताना, सगळीकडे माणसं मेली, गावं ओस पडली. महादजी शिंदे दिल्लीच्या राजकारणात उतरले तो मुलूख हा असा होरपळलेला होता. लाकीच्या धुक्यामुळे आपला पाऊस पळाला, असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?

कागदवाला

या प्रश्नावर मीही बराच थांबलो होतो.

लाकीच्या बाजूनं बोलणारा युक्तिवाद असा : उत्तर गोलार्धावर गंधकाचा पडदा बसला की उन्हाळ्यात जमीन कमी तापते. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात फरक कमी, म्हणजे मोसमी वाऱ्याला ओढ कमी. २००६ मध्ये संगणकावरच्या प्रारूपांतून आफ्रिका आणि भारत दोन्हीकडचा पाऊस त्या उन्हाळ्यात कमी व्हायला हवा असं दिसलं. नाईलला त्या वर्षी पाणी खरंच कमी होतं आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला, ही नोंद आहे.

आता उलट बाजू. मद्रासकडचा दुष्काळ १७८२ पासूनचा आहे. लाकी जून १७८३ चा. आधी घडलेल्याला नंतरचं कारण लावता येत नाही. एल निन्योचाही, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बिघडवण्याचाही, हात त्या वर्षांत धरला जातो. त्यात युद्धं आणि धान्याची लूट. म्हणून मी म्हणेन : १७८३ चा पाऊस लाकीनं आणखी खालावला असण्याची शक्यता आहे, पण चालिसाची सगळी जबाबदारी त्या एका डोंगरावर टाकू नये.

यातली माझी आवडती व्यक्ती बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेचा वकील म्हणून तो तेव्हा पॅरिसजवळ पासी गावात राहत होता. २७ ऑगस्टचा फुगा त्यानं पाहिला, २१ नोव्हेंबरच्या उड्डाणाच्या दाखल्यावर सही केली, आणि त्याच उन्हाळ्याच्या धुक्याबद्दल १७८४ मध्ये निबंध लिहिला. त्यात एक साधं निरीक्षण आहे : भिंगानं गोळा केलेलं ऊन तपकिरी कागदही धड पेटवत नव्हतं. त्यावरून त्यानं ताडलं की धुकं सूर्याची उष्णता अडवत असावं, म्हणून जमीन तापली नाही, म्हणून पुढचा हिवाळा इतका कडक. आइसलँडच्या ज्वालामुखीचं नावही त्यानं संभाव्य कारणांत घेतलं. एक भिंग आणि कागदाचा तुकडा एवढ्यावर. कागदवाला म्हणून मला त्याचा विशेष अभिमान वाटतो.

पारावरचा

सगळं वाचलं, आवडलं. पण हे सगळं पॅरिस आणि लंडन. तेव्हा इकडे काय चाललं होतं? आपल्या मुलांना हे वाचून वाटेल की आपण नुसते दुष्काळात मरत होतो.

भट्टीकाम

पारावरचा, तुमचं दुखणं समजतं. तंत्रज्ञानापुरतं एक उदाहरण देतो. त्या वर्षी म्हैसूर आणि इंग्रज यांची लढाई चालूच होती, आणि म्हैसूरकरांकडे लोखंडी नळीचे अग्निबाण होते. युरोपात तेव्हा बाण कागदी नळीचे. लोखंडी नळी जास्त दाब सोसते, म्हणून दारू जास्त घट्ट ठासता येते, म्हणून पल्ला किलोमीटरच्या पुढे. १७९९ नंतर ते बाण इंग्लंडला नेले आणि काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजानं त्यावरून स्वतःचे बाण बनवले. कापड-कागदाचं जे कोडं माँगोल्फिएंनी सोडवलं तसंच हे : दाब धरणारं भांडं हलकं कसं करायचं.

फरक मला एका गोष्टीत दिसतो. म्हैसूरच्या लोहाराचं नाव आपल्याकडे नाही. त्यानं काय तपमानाला पत्रा वळवला, किती नळ्या फुटल्या, कुणी लिहून ठेवलं नाही. आइसलँडच्या पाद्र्यानं लिहिलं, म्हणून तो राहिला.

हातांची भाषा

पहिल्यांदाच लिहिते आहे. मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. उत्तररात्र यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या मुलांना विज्ञानातल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना ऐकू न येणारा कुणी माझ्या हाताशी नव्हता. एडिसनचं सांगतात, पण तो पूर्ण बहिरा नव्हता आणि मुलांना ते कळतं.

काल वर्गात गुडरिकची गोष्ट खुणांनी सांगितली. ‘तारा मंद होतो’ ही खूण मुलांनीच ठरवली : मूठ हळूहळू मिटत न्यायची आणि परत उघडायची. एकीनं विचारलं, त्याला खुणा येत होत्या का? तो एडिंबरोला ब्रेडवुडच्या शाळेत शिकला होता आणि ती शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांसाठीच होती, एवढं मी सांगू शकले.

उत्तररात्र, मायावती आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरून, दुर्बिणीशिवाय दिसेल का? आणि मुलांनी काय टिपायचं?

उत्तररात्र

ताई, नक्की दिसेल. दुर्बीण लागतच नाही. गुडरिकच्याही डोळ्यांनीच मूळ काम झालं.

शेजाऱ्यांशी तुलना करायची. देवयानीच्या टोकाचा अल्माक हा तारा मायावतीच्या नेहमीच्या तेजाइतकाच आहे. ययातीतला एप्सिलॉन हा तारा त्याहून मंद. मुलांनी दर अर्ध्या तासाला एवढंच लिहायचं : मायावती अल्माकएवढा, दोघांच्या मधला, एप्सिलॉनएवढा, की त्याहून मंद. एकमेकांचं पाहून लिहू देऊ नका.

माझी शुक्रवारची नोंद देतो. रात्री आठला अल्माकच्या बरोबरीचा, किंचित कमी म्हटलं तरी चालेल. साडेदहाला एप्सिलॉनएवढा. बारा ते एक त्याहून स्पष्ट मंद. सगळ्यात खाली साडेबाराच्या सुमारास. अडीचला परत एप्सिलॉनएवढा. घसरायला साधारण पाच तास आणि चढायला पाच.

आता गुडरिकचा आकडा लावा. शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतरचे, म्हणजे शनिवार लागल्यावरचे साडेबारा, त्यात २ दिवस २० तास ४९ मिनिटं मिळवा. सोमवारी रात्री ९ वाजून २० मिनिटांच्या आसपास मायावती पुन्हा तळाला असेल. मुलांच्या झोपायच्या वेळेआधी. अंधार पडेल तेव्हाच तो मंदावलेला दिसेल, मग नऊ-सव्वानऊ आणि अकरा, एवढ्या वेळा तरी पाहा.

ओलं खडू

हातांची भाषा ताई, मुलांनी टिपलेलं इथे जरूर द्या. माझ्या वर्गालाही दाखवीन.

हातांची भाषा

सोमवारची नोंद.

गच्चीवर अकरा मुलं आणि मी. खालचे दिवे पहारेकरीदादांनी बंद केले. अंधारात खुणा दिसत नाहीत हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं, म्हणून मोबाइलच्या पडद्याला लाल जिलेटिन कागद गुंडाळला आणि त्या उजेडात बोललो. ययाती शोधायला पहिली वीस मिनिटं गेली. शर्मिष्ठेपासून खाली यायला शिकल्यावर सोपं झालं.

साडेसातला अकरापैकी सात जणांनी ‘एप्सिलॉनएवढा’ लिहिलं, चौघांनी ‘दोघांच्या मधला’. नऊला दहा जणांनी ‘एप्सिलॉनहून मंद’. साडेनऊला सगळ्या अकरांनी तेच. साडेदहाला पाचांनी पुन्हा ‘एप्सिलॉनएवढा’ लिहिलं. अकराला आठांनी ‘एप्सिलॉनएवढा’ आणि तिघांनी ‘मधला’. सगळ्यात लहान मुलानं सव्वाअकराला कुणी न सांगता मूठ उघडून दाखवली.

एकानं विचारलं, आड येणारा तारा आपल्याला कधी दिसेल? नुसत्या डोळ्यांनी नाही, म्हटलं. मग तो आहे हे कशावरून? मी त्याला त्याचीच वही दाखवली.

आज सकाळी त्यांनी पुढची वेळ मला न विचारता मांडून काढली : गुरुवारी संध्याकाळी ६ वाजून ९ मिनिटं. तेव्हा पुरता अंधार नसेल, पण सातला तो अजून मंदच असायला हवा, असं त्यांचं म्हणणं. सातला गच्चीवर जायचं ठरलं आहे.